कच्चा रंग

घरातल्या वडील माणसाने आपली चूक आपल्याच हाताने लिहून छापावयास द्यावी, असा प्रघात आपल्याकडे नाही. चुका धाकट्यांनी कराव्यात आणि वडिलांनी त्या दाखवून द्याव्यात, हीच वहिवाट. छत्तीस वर्षे शाळेत तांबडी शाई वापरल्यामुळे आमच्या अंगी तर ही वहिवाट चांगलीच मुरली होती. परंतु गेल्या आश्विनात त्याच तांबड्या रंगाने आमच्यावर असा सूड उगविला की, तो वृत्तान्त सांगितल्यावाचून मनाला स्वस्थता नाही. शिवाय, ज्यांच्या घरी आजी-आत्यांच्या हातच्या गोधड्या आहेत अशा वाचकांना त्यापासून चार उपयुक्त गोष्टीही कळतील.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, त्यांचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे. सुनेला दिवस गेल्याचे कळताच त्यांनी ट्रंक उघडली. गोधडीची कापडे ही बाजारातून आणावयाची वस्तू नव्हे, ती घराच्या इतिहासातून काढावयाची असते, असे त्यांचे मत आहे. पुढल्या बाजूस त्यांनी मधोमध वडिलांच्या धोतराचे पांढरेशुभ्र तुकडे घेतले. वडिलांना जाऊन चाळीस वर्षे होत आली. ते धोतर तेव्हापासून घडी घालून ठेवलेले. सभोवती आईच्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या. चार कोपऱ्यांना चार चौकोन, मळकट तांबड्या रंगाचे. ते आत्याबाईंच्या आलवणाचे. आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या आत्या. दहाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि पुढची साठ-सत्तर वर्षे त्यांनी याच घरात आलवण नेसून काढली. पाठीला मांजरपाटाचे अस्तर आणि चारी बाजूंनी तांबडा गोट.

अडीच हात लांब व दोन हात रुंद अशी ती चिमुकली गोधडी शिवावयास अक्कांना पाच महिने लागले. कारण त्यांच्या डोळ्यांचा पडदा आता झिजत चालला आहे, आणि डॉक्टरांनी सुईकाम सोडण्यास बजावले आहे. “ही शेवटची,” असे त्या पहिल्या टाक्यालाच म्हणाल्या होत्या. धावदोऱ्याच्या ओळी बोटाने चाचपीत चाचपीत त्या घालीत असत.

यात आमच्याकडे काम एकच होते. गोटाचे तांबडे कापड आणावयाचे आणि ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून अक्कांच्या स्वाधीन करावयाचे. कापड आम्ही आणले. दुकानदाराने “रंग पक्का” म्हणून सांगितले. भिजविण्याचे मात्र त्या रात्री आम्ही विसरलो. दुसरे दिवशी अक्कांनी विचारले, “काढलास का रे पाण्यातून?” आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “हो, काढलं.”

एवढेच ते असत्य. दोन शब्दांचे.

गोधडी पुरी झाली तेव्हा तिला ट्रंकेचा व डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तान्ह्या मुलाच्या अंगाखाली घालावयाची वस्तू स्वच्छ असावी म्हणून, अक्का डोळे दाखवावयास गेल्या असताना, आम्ही ती धुवावयास घेतली. बादलीत कढत पाणी घेतले, चूडभर साबणाची पूड टाकली, गोधडी कोंबून दाबून बसविली आणि तासाभराने काढून, अर्धवट पिळून, पाटावर तशीच गोळा करून ठेवली. इतक्यात कोणी परिचित आले. गप्पांत दोन तास गेले. परत येऊन घडी उलगडली तो वडिलांच्या धोतरावर सर्वत्र गुलाबी ढग उतरलेले!

त्या क्षणी मनाने काय केले ते सांगण्याची लाज वाटते, परंतु सांगितलेच पाहिजे. गोट न भिजविल्याची आठवण आम्हांस झाली नाही असे नाही. ती झाली, आणि झाल्याबरोबर आम्ही ती दडपली. आमची दृष्टी गोधडीवर फिरली आणि त्या चार कोपऱ्यांवर जाऊन स्थिर झाली. अक्का घरी परतल्यावर आम्हीच पुढे होऊन म्हणालो, “अक्का, आत्याबाईंच्या आलवणाने घात केला. जुना रंग, फुटला. ते लावायलाच नको होतं.”

अक्का काही बोलल्या नाहीत. गोधडी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिली. त्यांना कितपत दिसले कोण जाणे. मग त्यांनी ती आमच्या हाती परत दिली आणि देवघरात जाऊन बसल्या.

आता सुरू झाला उपायांचा उत्सव. संकटात सापडलेल्या माणसाजवळ दुसरे काही नसले तरी सल्ले भरपूर असतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठ घाला, रंग जागच्या जागी बसेल. आम्ही मूठभर मीठ घालून भिजत ठेवली. गुलाबी डाग होते तसेच राहिले, उलट किंचित गडद भासू लागले. दुसऱ्या एका गृहस्थांनी व्हिनेगर सुचविले, ते झाले. तिसऱ्यांनी तुरटी. मग कडक उन्हात टाकण्याचा सल्ला आला. हळदीचा डाग उन्हाने फिकट होतो हे खरे, म्हणून आम्ही तेही केले. येथे डाग वाळून अधिकच ठाम दिसू लागले. शेवटी ब्लीचिंग पावडर आणावयास पिशवी घेऊन बाहेर पडलो असता वाटेत एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. इचलकरंजीस कापड रंगविण्याच्या कारखान्यात त्याची हयात चालली आहे. शाळेत त्याला आम्ही संस्कृतात पस्तीसाच्या वर कधी गुण दिले नव्हते. आम्ही आमची कर्मकथा सांगितली.

तो घाईने म्हणाला, “गुरुजी, आधी ती पिशवी घेऊन घरी परत जा. ब्लीचिंगने चाळीस वर्षांचं धोतर कुजून हातात येईल आणि हिरवं लुगडं पांढरं पडेल. दुसरं असं की, कुठलं कापड रंग सोडतंय ते पाहिलंत का?”

“आलवण,” आम्ही म्हणालो.

“पाहिलंत, की वाटलं?”

छत्तीस वर्षांत हा प्रश्न आम्ही सहस्रावधी वेळा मुलांना विचारला असेल. आम्हांस तो कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्याने सांगितल्याप्रमाणे घरी येऊन आम्ही पांढऱ्या कापडाच्या चिंध्या घेतल्या, कोमट पाण्यात भिजविल्या आणि एकेक चिंधी एकेका कापडावर दाबून घासली. हिरव्या लुगड्यावरची चिंधी पांढरी राहिली. गोटावर चिंधी टेकताच ती कुंकवाच्या करंड्यात बुडविल्यासारखी झाली. मग आलवणाची पाळी आली. आम्ही जोर करून, पुन्हा पुन्हा, चारी कोपऱ्यांवर घासली. खरे बोलावयाचे तर, तिला थोडा तरी रंग लागावा अशी आमची इच्छा होती. चिंधी शुभ्रच्या शुभ्र राहिली. त्या आलवणातून जे जावयाचे ते आत्याबाईंच्या हयातीतच, विहिरीवरच्या शेकडो धुण्यांत, जाऊन चुकले होते. उरले होते ते न जाणारे.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. सन 1968 मध्ये आम्ही चौथीच्या परीक्षेला निघालो असता आत्याबाई दारात आडव्या आल्या. आम्ही नऊ वर्षांचे. कोणी न सांगता मागे फिरलो, आत जाऊन घोटभर पाणी प्यालो, क्षणभर बसलो आणि मग निघालो. अपशकुन टाळावयाचा तो विधी होता. घरात पाहून पाहून शिकलेला. आत्याबाई तेवढा वेळ भिंतीला चिकटून, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या परीक्षेत आमचे एक गणित चुकले, तेही त्यांच्याच माथी गेले. दोन वर्षांनी त्या वारल्या. आणि आज पंचावन्न वर्षांनंतर, अंगावरचे वस्त्र तेवढे मागे राहिले असता, आम्ही पुन्हा तेच केले होते.

असो. वाचकांस उपयोगी पडेल तो भाग आता सांगतो.

आमच्या विद्यार्थ्याने रंगाचे जे शास्त्र समजावून दिले ते ऐकून आम्हांस साहित्यदर्पण आठवले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने त्या ग्रंथात पूर्वरागाचे, म्हणजे मीलनापूर्वीच्या प्रेमाचे, तीन प्रकार रंगांवरून केले आहेत. नीलीराग तो, जो फारसा झळकत नाही पण जातही नाही. कुसुंभराग, म्हणजे करडईच्या फुलाचा रंग, झळकतो आणि निघून जातो. मंजिष्ठाराग झळकतोही आणि जातही नाही. ‘राग’ या एकाच शब्दात प्रीती व रंग दोन्ही कोंबणाऱ्या आपल्या पूर्वजांना धोब्याच्या घाटावरची माहिती किती अचूक होती, हे यावरून दिसेल. निळीचा कण पाण्यात विरघळतच नाही, म्हणून ती टिकते. मंजिष्ठा टिकते ती तुरटीच्या आधाराने. कापड आधी तुरटीत काढलेले असले म्हणजे तिचा व रंगाचा जो संयोग होतो तो धाग्याला सोडत नाही. मात्र तुरटी आधी लागते. रंग पसरून गेल्यावर, आणि तोही दुसऱ्याच जातीचा असता, तुरटी टाकणे म्हणजे लग्न मोडल्यावर मुहूर्त काढणे होय.

सन 1856 मध्ये इंग्लंडात पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला आणि तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. 1869 मध्ये मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. 1884 च्या सुमारास ‘काँगो रेड’ निघाला. तुरटीवाचून सरळ कापसावर चढणारा तो पहिला कृत्रिम रंग. परंतु या जातीचे रंग धाग्याला नुसते बिलगून असतात. पुढे 1956 मध्ये रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. हे कापसाच्या कणाशी खरोखरच रासायनिक गाठ मारतात, आणि आज सुती कापडावर त्यांचाच फार वापर आहे. मग रंग उतरतो का? तर रंगविताना त्यातला काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच गाठ मारून बसतो व निरुपयोगी होतो. हा मोकळा भाग कारखान्याने वारंवार गरम पाण्यात, साबण लावून, धुऊन काढावयाचा असतो. त्याला पाणी लागते, जळण लागते, वेळ लागतो. जेथे हे खर्च वाचविले जातात तेथे तो मोकळा रंग कापडात तसाच राहतो आणि आपल्या न्हाणीघरात येऊन बाहेर पडतो.

यातूनच दिलाशाची गोष्ट निघते. पांढऱ्या धोतरावर जो रंग गेला तो गाठ न मारलेला रंग. तो तेथे नुसता येऊन बसलेला आहे. बसलेला पाहुणा उठविता येतो. आमचे उपाय फसले ते का, हेही कळले. रंगाऱ्याच्या हौदात मीठ टाकतात ते रंग धाग्यात ढकलण्यासाठी; म्हणजे आम्ही मीठ घालून डागाला आग्रहाने आत बसवीत होतो! व्हिनेगरची आंबटाई रेशीम व लोकर यांच्या रंगांस मानवते, कापसास तिचा उपयोग नाही. रंग पक्का करण्याची औषधे कारखान्यात असतात. पण डाग पडल्यावर ती वापरली तर मूळ रंगाबरोबर डागही पक्का होतो.

खरा उपाय असा. मोठा टब घ्यावा. आम्ही चाळीस लिटरांचा घेतला. त्यात साठ अंशांच्या आसपास गरम पाणी, म्हणजे हात घालवणार नाही इतके, भरावे आणि भांडी घासण्याचा पातळ साबण सढळ हाताने घालावा. साबणाचे काम सुटलेल्या रंगास पाण्यात तरंगत ठेवण्याचे व पुन्हा कापडावर बसू न देण्याचे आहे. गोधडी मोकळी सोडून लाकडी दांड्याने बुडवावी व वर ताटल्या ठेवून दाबावी. जो भाग पाण्याबाहेर राहील तेथे रंग साचतो. मग बारा तास तिच्याकडे जावयाचे नाही. पाणी निवाले तरी चालते. बारा तासांनी पाणी पाहावे. तांबडे असेल तर ओतून, लगेच नवे गरम पाणी व नवा साबण. पांढऱ्या वाटीत घेतलेले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवावे, आणि तोवर गोधडी वाळू देऊ नये, ओली गोळा करून ठेवू नये, इस्त्री तर मुळीच लावू नये. रेशमी खण किंवा लोकरीचा तुकडा लावलेला असल्यास मात्र इतके ऊन पाणी चालणार नाही.

ज्या गरम पाण्याने घात केला त्यानेच उद्धार कसा, अशी शंका आम्ही काढली. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, घात पाण्याने नाही केला. पाणी थोडं होतं, आणि ओली गोधडी तुम्ही दोन तास गुंडाळून ठेवलीत. सुटलेल्या रंगाला जायला जागाच नव्हती.”

पहिल्या रात्रीचे पाणी सकाळी आमसुलाच्या साराप्रमाणे दिसत होते. तेव्हा आम्ही अक्कांना न्हाणीघराच्या दारात बोलाविले आणि ती पांढरी चिंधी व ती तांबडी चिंधी त्यांच्या हातात दिली. मग जे सांगावयाचे ते सांगितले: गोट भिजविला नव्हता, विचारले तेव्हा खोटे बोललो, आणि दोष आत्याबाईंवर घातला.

अक्का म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

“कसं?”

“भिजवलेल्या कापडाची खळ जाते रे. गोट बोटाला करकरीत लागत होता. सुईलासुद्धा कळत होतं.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालीस?”

“तू ‘काढलं’ म्हणालास ना? भावाला दुसऱ्यांदा काय विचारायचं?” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “गोटाचं मला काही नाही. आलवणाचं ऐकलं, ते मात्र लागलं. आत्याबाईंनी मला पहिला टाका शिकवला. त्यांना कधी कुणी बारशाला पुढं येऊ दिलं नाही. म्हटलं, या बाळाच्या वेळी तरी चारी कोपऱ्यांना त्याच असाव्यात.”

आम्हांस यावर उत्तर नव्हते. आम्ही पाणी बदलावयास घेतले.

दुसऱ्या वेळी पाणी गुलाबी निघाले. तिसऱ्या वेळी फिके. उन्हात वाळविल्यामुळे आमच्या गोधडीला एक फेरा अधिक पडला असावा; पाचव्या वेळी वाटीतले पाणी निर्मळ दिसले. त्या दोन-अडीच दिवसांत नळाच्या वेळा सांभाळीत, पाणी तापवीत, सारे घर त्या टबाभोवती फिरत होते. मग गोधडी सावलीत पसरून वाळविली. धोतर पुन्हा पांढरे झाले होते. एका बाजूस, गोटाच्या शिवणीला लागून, नखाएवढी गुलाबी छटा तेवढी राहिली. तीवर एक लहानसे फूल भरून घ्यावे असे आमच्या मंडळींनी सुचविले. अक्का म्हणाल्या, “राहू दे. नाही तर हा पुन्हा विसरेल.”

गोट बदलावा काय, हा प्रश्न निघाला होता. पुन्हा ओली चिंधी घासून पाहिली. ती पांढरीच राहिली. मोकळे होते ते सारे निघून गेले होते, आणि आता तोही आलवणाच्या पंक्तीस बसण्यास योग्य झाला होता.

मार्गशीर्षात घरात नात आली. बाराव्या दिवशी तिला त्या गोधडीवर घालून पाळण्यात ठेविले. अक्कांनी हात फिरवून चारी कोपरे चाचपून पाहिले. नव्या तांबड्या कापडाची घडी आता आमच्या घरात शिवणीला जाण्यापूर्वी रात्रभर पाण्यात राहते, आणि सकाळी ते पाणी ओतण्याचे काम आम्ही दुसऱ्या कोणास करू देत नाही.